नेकरकाठचे रविवार

जर्मनीत पोहोचलो तो शुक्रवार होता, मार्च २०२४ च्या मध्यातला. शनिवार झोपण्यात आणि सोमवारच्या पहिल्या लेक्चरच्या स्लाइड्स लावण्यात गेला. रविवारी सकाळी उठलो, चहाचं आधण ठेवलं आणि लक्षात आलं की घरात दूध नाही. पिशवी घेऊन खाली उतरलो. कोपऱ्यावरचं सुपरमार्केट बंद. त्याच्या पुढचं बंद. औषधाचं दुकान बंद. रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, बाकी कोणी नाही. इंदुरात रविवारी सकाळी नऊ वाजता पोह्यांच्या ठेल्यापाशी उभं राहायला जागा नसते. त्या सवयीच्या माणसाला हा कर्फ्यूच वाटणार. शेवटी अर्धा तास चालून रेल्वे स्टेशन गाठलं, तेव्हा तिथल्या दुकानात दूध मिळालं. घरी येईपर्यंत आधण आटून गार झालं होतं.

तुमच्यापैकी जे कोणी शिकायला किंवा नोकरीला जर्मनीत जायच्या तयारीत असतील, त्यांनी एवढं आधी लिहून ठेवावं: दूध शनिवारी आणायचं. रविवारबद्दलच्या बाकीच्या गोष्टी कळायला मला चार महिने लागले. त्याच आज सांगायला बसलोय.

मी इंदूरचा. रामबागेत वाढलो, इथेच बी.ई. केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. हायडेलबर्गजवळच्या एका हॉखशूलमध्ये एका सत्रासाठी हा विषय शिकवायला प्रत्यक्ष कंपनीत काम केलेला पाहुणा शिक्षक हवा होता. हॉखशूल म्हणजे पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष कामावर जास्त भर देणारं कॉलेज. ओळखीतून माझं नाव गेलं आणि जमलं. आठवड्यातले दोन दिवस शिकवायचं, उरलेले तीन दिवस तिथूनच इंदूरच्या ऑफिसचं काम करायचं, असं ठरलं. कागदावर पाच दिवस अगदी छान बसले होते. पण शिकवणं म्हणजे वर्गात दोन तास आणि घरी सहा तास, हे ज्याच्या घरात मास्तर आहेत त्याला सांगायला नको. ते घरचे सहा तास मुकाट्याने शनिवार-रविवारमध्ये जाऊन बसले.

आमच्या घरात मास्तर होतेच. बाबा गणिताचे शिक्षक. शाळा सोमवार ते शनिवार आणि रविवारी घरी शिकवण्या. सकाळी सातची बॅच, नऊची बॅच, आणि दुपारी चारची. माझ्या लहानपणीचा रविवार म्हणजे दारात पंधरा-वीस जोडी चपला, ओसरीवर खडूचा वास आणि आतल्या खोलीत आम्ही भावंडं हळू आवाजात भांडतोय. शिक्षकाला रविवार नसतो, हे मी तिथेच शिकलो. बाबा असं कधी म्हणाले नव्हते. मी बघून शिकलो होतो आणि त्याचा मला अभिमानही होता.

पहिलं लेक्चर संपलं तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी मुठीने बाकं वाजवली. मी घाबरलो. आपल्याकडे बाकं वाजली की मास्तर वर्गाबाहेर काढतात. नंतर कळलं की तिथे ही शाबासकी असते. मार्कांचंही उलटं. १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास आणि ५ म्हणजे नापास. बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे एक मार्क मिळालेला पोरगा पहिला? मग आमच्या शाळेतले बरेच जण तिकडे सुवर्णपदक घेऊन आले असते."

पहिले पाच-सहा आठवडे माझे शनिवार-रविवार असे जात. शनिवारी सकाळी तळघरातल्या मशीनमध्ये कपडे. मग कचरा. कागद वेगळा, प्लास्टिकचं पॅकिंग वेगळं, ओला कचरा वेगळा आणि काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या टाकीत. स्वच्छतेत सतत पहिला नंबर मिळवणाऱ्या शहरातून गेल्यामुळे वर्गीकरणाची मला सवय होती. इंदूरकर म्हणून तेवढी एक परीक्षा मी अभ्यास न करता पास झालो. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या मात्र टाकायच्या नाहीत. त्या दुकानातल्या यंत्रात घातल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. मग बाजार, मग वरण-भाताचा कुकर, आणि दुपारी एकपासून रात्रीपर्यंत लॅपटॉप. रविवारी पुन्हा तेच, फक्त बाजार वजा. मधेच इंदूरहून ऑफिसचा फोन, कारण आमच्याकडे नवीन रिलीज नेमकी शनिवारी रात्री करायची पद्धत. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचा फरक असतो. इंदूरची रात्र ही माझी संध्याकाळ असायची, आणि तीही तशीच जायची. रविवारी सकाळी बायको आणि सहा वर्षांची लेक व्हिडिओवर यायच्या, तेव्हा माझा एक डोळा स्क्रीनच्या दुसऱ्या खिडकीत असायचा. एकदा लेक म्हणाली, "बाबा, तू माझ्याकडे बघत नाहीयेस, खाली बघतोयस." मी म्हटलं, "बघतोय गं." ती म्हणाली, "मग मी आत्ता काय दाखवलं?" मला सांगता आलं नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी एकतीस मुलांच्या असाइनमेंट तपासल्या. प्रत्येकाला त्याच्या चुका, त्या सुधारायच्या कशा, असं सविस्तर लिहिलं आणि रात्री अकरा वाजता एकतीस ई-मेल पाठवून दिले. स्वतःवर खूश होऊन झोपलो. सोमवारी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. फार नम्रपणे तिने विचारलं, "सर, रविवारी आलेल्या मेलला रविवारीच उत्तर द्यायचं होतं का? आमच्यापैकी काही जण रात्री उठून बसले होते." ती आठवड्याचे वीस तास एका कंपनीत काम करून शिकत होती. तिकडे बरीच मुलं असं करतात आणि सत्र चालू असताना साधारण तेवढीच मुभा असते. तिला रविवार तेवढाच मिळत होता, आणि तो मी रात्री अकरा वाजता खाऊन टाकला होता.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. एवढं मरमर काम केलं आणि वर हे ऐकायचं! शेजारच्या केबिनमधल्या सहकाऱ्यापाशी मी तो राग थोडा बोलून दाखवला. त्याने मेल सोमवारी सकाळी आठला आपोआप जाईल अशी सोय कशी करायची ते दाखवलं. मग म्हणाला, "आमच्याकडे रविवार राज्यघटनेत आहे." मला वाटलं थट्टा करतोय. पण ते खरं आहे. १९१९ च्या वायमार घटनेतल्या १३९ व्या कलमात रविवार आणि सणाचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील असं म्हटलं आहे, आणि १९४९ च्या आताच्या घटनेने आपल्या १४० व्या कलमाने ते तसंच्या तसं पुढे चालू ठेवलं आहे. दुकानं बंद असतात ती म्हणून. बेकऱ्या काही तास उघडतात, स्टेशनवरची दुकानं आणि पेट्रोलपंप चालू असतात. एरवी ड्रिल मशीन चालवायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा त्या मोठ्या टाकीत रविवारी टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो म्हणून.

"तुमच्याकडे ४९ युरोचं तिकीट आहे ना?" त्याने विचारलं. होतं. महिन्याला ४९ युरो दिले की देशभरातल्या सगळ्या साध्या गाड्या, ट्राम आणि बस त्या तिकिटावर चालत. मी ते फक्त कॉलेजला जायला-यायला वापरत होतो. "मग रविवारी गाडीत बसा आणि कुठेतरी उतरा," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी लांब कुठे गेलो नाही, आधी राहत होतो तेच गाव नीट पाहिलं. हायडेलबर्ग नेकर नदीच्या दोन्ही काठांवर, डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वसलेलं आहे. १३८६ साली सुरू झालेलं इथलं विद्यापीठ आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. डोंगरावर लालसर दगडाचा मोडका किल्ला आहे. फ्रेंच फौजांनी तो १६८९ आणि १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला, पुढे दुरुस्ती चालली असताना १७६४ मध्ये त्यावर वीज पडली. मग कोणी नादी लागलं नाही. त्याच्या तळघरात २ लाख २० हजार लिटरचं दारूचं लाकडी पिंप आहे, वर जायला जिना असलेलं. नदीवरचा जुना दगडी पूल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला आणि दोन वर्षांत गावाने तो परत उभा केला. पुलाच्या पलीकडच्या डोंगरावरून 'फिलोझोफेनवेग' नावाची पायवाट जाते, तत्त्वज्ञांची वाट. चढ चांगला दम काढतो. वर पोहोचलो की समोर नदी, पूल, चर्चचा मनोरा आणि किल्ला एका नजरेत येतात. त्या दिवशी मी एका बाकावर दोन तास बसलो. पहिला अर्धा तास हात सारखा फोनकडे जात होता.

नदीकाठच्या एका रस्त्याला कवी महंमद इक्बाल यांचं नाव आहे. १९०७ मध्ये ते जर्मन शिकायला इथे राहिले होते. पण मला जास्त आनंद झाला तो दुसऱ्या एका नावाने. इथल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोंथायमर नावाचे प्राध्यापक होते. आपल्या धनगरांबरोबर हिंडून त्यांनी ओव्या गोळा केल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर मोठं काम केलं. १९९२ मध्ये ते गेले. पाहुणा म्हणून आलेल्या मला मराठी इथे माझ्या आधीच येऊन राहिलेली दिसली. जेजुरीचा भंडारा आणि नेकरचं पाणी यांची गाठ घालणारा माणूस याच रस्त्यांवरून चालत असेल, या विचाराने गाव एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

त्यानंतर मी दर रविवारी एक ठिकाण ठरवलं. श्वेट्झिंगेनला पांढऱ्या शतावरीचा हंगाम चालू होता. तिथे तिला श्पार्गेल म्हणतात आणि २४ जूनपर्यंतच ती काढतात. लोक त्या भाजीबद्दल आपण हापूसबद्दल बोलतो तसं बोलतात. मला ती अळणी लागली. घरी आणून उकडली आणि वरून इंदूरचं जिरावण भुरभुरवलं, तेव्हा जमली. मग मानहाइम. या शहराच्या मधल्या भागात रस्त्यांना नावं नाहीत. घरांच्या चौकोनी गटांना एक अक्षर आणि एक आकडा आहे, अगदी एक्सेलच्या खान्यांसारखं. माझ्यासारख्याला ते गाव न विचारता सापडलं. याच मानहाइममधून १८१७ साली कार्ल ड्राइसने दोन चाकांच्या लाकडी यंत्रावर बसून, पायांनी जमीन ढकलत, श्वेट्झिंगेनच्या रस्त्यावर फेरी मारली होती. सायकलची सुरुवात तिथून मानतात.

पण सगळ्यात कामाचा निघाला तो विस्लोखचा रविवार. हायडेलबर्गच्या दक्षिणेला, जेमतेम तासाभराच्या वाटेवरचं हे छोटं गाव. इथे एक औषधाचं दुकान आहे, आणि जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून लोक ते बघायला येतात. मानहाइमच्या कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं, पण गाडी खपेना. लोकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. मग ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती गाडी चालवत माहेरी प्फोर्झहाइमला निघाली. सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा विस्लोखच्या या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं. डाग काढायला ते तेव्हा औषधाच्या दुकानात मिळायचं. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. चढावर गाडी पोरांना ढकलावी लागली. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर हवा.

मी त्या दुकानासमोर उभा राहून मोठ्याने हसलो. गेले दोन आठवडे मी वर्गात जे सांगायला धडपडत होतो ते हेच होतं. कारखान्यात यंत्र चालणं वेगळं आणि खऱ्या रस्त्यावर, खऱ्या माणसाच्या हातात चालणं वेगळं. चूक नोंदवताना ती कुठे झाली, कशी झाली आणि काय केल्याने सुटली, हे लिहायचं. सोमवारी स्लाइड्स बाजूला ठेवल्या आणि फळ्यावर मानहाइम ते प्फोर्झहाइम रस्ता काढला. मुलांना बेर्था बेंझ शाळेपासून माहीत होती. पण तिच्या प्रवासाचा टेस्ट रिपोर्ट लिहा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाकं जास्त वेळ वाजली. त्या तासाची तयारी मी रविवारी केली नव्हती. म्हणजे केली होती, पण मला ते माहीत नव्हतं.

आता घरमालकीणबाईंविषयी. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर मी, खाली त्या एकट्या. वय अठ्ठ्याहत्तर. जूनमधल्या एका रविवारी मी सकाळी सातला मिक्सरमध्ये चटणी वाटली. आपला मिक्सर किती आवाज करतो ते तुम्हाला माहीत आहे. दोन मिनिटांत दारावर टकटक. बाई रात्रीच्या गाऊनवर कोट चढवून उभ्या. रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. "तुम्ही भिंतीला भोक पाडताय का?" मी मिक्सर दाखवला, चटणी दाखवली, दहादा माफी मागितली. त्यांनी चमचाभर चटणी चाखली, डोळ्यात पाणी आलं, आणि म्हणाल्या, "दुपारी साडेतीनला कॉफीला या. हे यंत्र आणू नका."

दुपारी गेलो. रुबार्बचा केक, कॉफी आणि बागेतली दोन खुर्च्यांची जागा. माझं जर्मन मोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून मोडकं, पण वेळ भरपूर होता. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की त्या चाळीस वर्षं नर्स होत्या. "घटनेतला रविवार नर्सला नसतो," त्या म्हणाल्या. "ट्रेन चालवणाऱ्याला नसतो, बेकरीवाल्याला नसतो. मला महिन्यातून दोन रविवार मिळायचे. तुम्हाला चार मिळतात आणि तुम्ही ते खाली बसून टाइप करता. वरून आवाज येतो मला." मी हसून सांगितलं की आमच्याकडे शिक्षकाला रविवार नसतो, माझ्या वडिलांनाही नव्हता. त्यांनी विचारलं, "त्यांना तो नको होता का?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बाबांना शिकवायची आवड आहे, त्यांना स्वस्थ बसवत नाही, असंच आम्ही घरात सगळे धरून चाललो होतो.

पुढच्या रविवारी सकाळी लॅपटॉप बंद करून घरी फोन लावला. लेकीने काय काय दाखवलं ते सगळं पाहिलं. मग फोन बाबांकडे द्यायला सांगितलं. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "बाबा, तुम्हाला रविवारी शिकवायला आवडायचं का?"

थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, हौस होती म्हणून शिकवत होतो होय मी? मास्तरच्या पगारात घराचा हप्ता, तुझ्या आत्याचं लग्न, पुढे तुझी इंजिनिअरिंगची फी. सोमवार ते शनिवार शिकवत होतो, रविवारी हिशेब जुळवत होतो."

मी गप्प.

"पोरं चांगली होती," ते पुढे म्हणाले. "वाईट काही नव्हतं. पण पावसाळ्यात नऊची बॅच सुटली की वाटायचं, चला, सगळ्यांना घेऊन मांडूला जाऊन येऊ. तुझी आई डबा करायला तयार असायची. पण चारची बॅच असायची ना."

इंदूर ते मांडू हे अंतर शंभर किलोमीटर आहे. मी पस्तीस वर्षांचा झालो, मांडूला कॉलेजच्या मित्रांबरोबर गेलो, ऑफिसच्या सहलीबरोबर गेलो, पाहुण्यांना दाखवायला गेलो. बाबांबरोबर एकदाही नाही. आणि ज्या गोष्टीचा मी अभिमान बाळगून होतो, जिची नक्कल मी सात हजार किलोमीटरवर बसून करत होतो, ती बाबांची निवड नव्हतीच. त्यांना पर्याय नव्हता. मला होता. माझ्या घराचा हप्ता रविवारशिवायही भरला जात होता. मी नुसतीच सवय चालवत होतो.

त्या आठवड्यात मी दोन कामं केली. इंदूरच्या आमच्या साहेबांना कळवलं की शनिवारच्या रिलीजला मी असेन, पण रविवारी फोन बंद राहील, काही अडलंच तर सोमवारी पहाटे बघेन. मला वाटलं होतं वादळ होईल. त्यांनी एक अंगठा पाठवला, बस. आणि असाइनमेंट तपासायला शुक्रवारची दुपार राखली. त्यासाठी प्रत्येकाला पानभर लिहिणं सोडून सगळ्यांच्या सारख्या चुका वर्गात एकत्र समजावायला लागलो. मुलांना ते जास्त उपयोगी पडलं. सगळं सोपं झालं असं मात्र सांगणार नाही. जुलैच्या सुरुवातीला परीक्षेचे पेपर आले तेव्हा एक अख्खा रविवार त्यात गेलाच. खालून बाईंनी केक पाठवला आणि सोबत चिठ्ठी, "नर्सलाही कधी कधी जावं लागायचं."

हॉखशूलने हिवाळी सत्रासाठी पुन्हा विचारलं होतं. मान होता, पैसेही बरे होते. मी नाही म्हटलं आणि जुलैच्या शेवटी परतलो. कारण विचारलं तेव्हा "घरी एक काम राहिलंय" एवढंच सांगितलं, आणि ते खरं होतं.

ऑगस्टमधल्या पहिल्या मोकळ्या रविवारी आम्ही सगळे मांडूला गेलो. बाबा, आई, बायको, लेक आणि मी. धार ओलांडल्यावर पाऊस लागला. मांडूच्या घाटात ढग रस्त्यावर उतरले होते. दोन तलावांच्या मधला तो लांबलचक जहाज महाल अर्धा धुक्यात होता. बाबांचे गुडघे आता वरच्या मजल्यापर्यंत जाऊ देत नाहीत. ते खाली छपराच्या आडोशाला बसले आणि लेक वरून "आजोबा!" म्हणून हाका मारत राहिली. खाली आल्यावर त्यांनी तिला विचारलं, "तू उभी होतीस ती गच्ची किती उंच असेल सांग." तिने सांगितलं, "शंभर!" बाबा म्हणाले, "आज ऊन नाही, सावली नाही. नाहीतर फूटपट्टीने काढून दाखवली असती." मग काठीने ओल्या जमिनीवर त्रिकोण काढून त्यांनी ते तिला समजावलंच. मी विचार केला, थांबवावं का. पण ही शिकवणी पैशांची नव्हती.

परत निघायच्या आधी गाड्यावर भुट्टे भाजून घेतले. बाबांनी लिंबू-मीठ चोळलेला भुट्टा हातात धरला आणि सवयीने घड्याळ पाहिलं.

"चार वाजले," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते.

"अजून एक भुट्टा घे रे," ते म्हणाले. "घाई कसली आहे."